मोहल्ला कमिटीतल्या आमच्या जमादारसाहेबांना

जमादारसाहेब, नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात, पत्ता कुणाकडेच नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. कुणीतरी वाचून दाखवेलच.

1970 आणि 1984 च्या दंगलींनी भिवंडीचं नाव देशभर झालं, नको त्या कारणाने. माणसं मेली की मग शांतता समिती बसायची. तेच पुढारी, तेच हार, तोच चहा. त्यामुळे 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे आले आणि मोहल्ला कमिट्यांचं बोलू लागले, तेव्हा मला तरी हे त्यातलंच वाटलं. पण इथे दोन्ही समाजांचे साधे लोक बसले, मागवाले, पानवाले, किराणावाले. आणि बीटचा पोलीस म्हणून मधे तुम्ही.

आभार मानायचेत ते त्या बैठकांतल्या फुटकळ विषयांसाठी. गटाराचं पाणी कुणाच्या दारात गेलं, सुताची उधारी कुणी थकवली, पोरांचा चेंडू कुणाच्या पत्र्यावर पडला. तुम्ही वहीत लिहून घ्यायचात, दुसऱ्या दिवशी दोघांच्या घरी जायचात. नळावरचं भांडण नळावरच मिटायचं; त्याला हिंदू-मुसलमान व्हायला सवडच मिळायची नाही.

मग डिसेंबर 1992. बाबरी पडली, मुंबई पेटली. तिथे दोन महिन्यांत 900 माणसं गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. आमच्याकडे रात्री हूल उठली, कामवारी नदीच्या पुलावरून जमाव येतोय. तुम्ही भाषण नाही केलंत. पलीकडच्या गल्लीतले चाचा आणि मी, दोघांना स्कूटरवर घेतलंत (पोलीस असून ट्रिपल सीट!) आणि पुलावर नेलंत. तिथे चिटपाखरू नव्हतं. परत येऊन चाचांनी त्यांच्या गल्लीत सांगितलं, मी आमच्या. पोलिसाचं कुणी ऐकलं नसतं. डोळ्यांनी बघून आलेल्या आपल्या माणसाचं ऐकलं. त्या हिवाळ्यात भिवंडीत दंगल झाली नाही.

पुढे बैठका सुस्तावल्या. 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून गोळीबार झाला, लोक मेले, जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. तेव्हा तुमची वही फार आठवली.

चाचांनी सलाम कळवलाय. गुडघे साथ देत असतील तर एकदा या, बीटवरच्या नव्या पोरांना ती वही कशी लिहायची ते दाखवा. चहाचं आम्ही बघतो.