धावपट्टीच्या वाटेवरचे कोठार

महोदय,

लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीविषयी आपल्याकडे छापून येते ते विमानांच्या फेऱ्या आणि रोजगार एवढेच. त्या योजनेत हार्मन्ड्सवर्थ या गावाचा मोठा भाग जाणार आहे आणि त्याच गावात सहाशे वर्षांचे एक लाकडी कोठार उभे आहे. मुलगा त्या भागात राहतो, म्हणून मला ते पाहायला मिळाले.

विंचेस्टर कॉलेज या जुन्या शाळेने आपल्या जहागिरीतले पीक साठवायला ते 1426-27 च्या सुमारास बांधले. बारा खण, लांबी सुमारे 58 मीटर, उंची 12 मीटर. भिंती नुसत्या फळ्यांच्या. सगळा भार ओकच्या खांबांवर. ओल चढू नये म्हणून खांब जमिनीत न पुरता दगडी बैठकींवर ठेवले आहेत आणि तेही उलटे, बुंधा वर करून! बुंध्याची जादा रुंदी माथ्याला मिळाली की आडवी आणि लांबीला धावणारी अशा दोन्ही तुळया एकाच खांबात अडकवता येतात. सांध्यांना लाकडी खुंट्या. लाकूड ओले असतानाच घडवायचे, मग ते वाळेल तसे सांधे आवळत जातात. वाड्यात वाढलेल्या मला खण आणि तुळया ओळखीच्या, पण ही युक्ती कुठल्या सुताराकडून ऐकली नव्हती. यातले बहुतेक लाकूड आजही मूळचेच आहे.

कवी जॉन बेट्जमन याला ‘मिडलसेक्सचे (या भागाच्या जुन्या परगण्याचे) कॅथीड्रल’ म्हणत. मला ते फारसे पटत नाही. इथे पेंढ्या रचल्या जात, मळणी होई. देवळाचा मान न देताही ही सुतारकी थोरच आहे.

2006 मध्ये हे कोठार एका पौंडात एका कंपनीकडे गेले आणि त्याची आबाळ झाली. अखेर ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने ते 20 हजार पौंडांना विकत घेतले. एवढ्यात लंडनमध्ये मोटार ठेवायची जागाही धड मिळायची नाही.

उद्या कोठार वाचवले आणि भोवतालचे गाव पाडले, तर ‘वारसा जपला’ असे म्हणायला अधिकारी मोकळे. पण विमानतळाच्या कुंपणाला टेकलेले, शेत नाही की शेजार नाही असे कोठार कुणासाठी जपायचे? आपल्या बातमीदारांनी हा प्रश्नही मांडावा. लंडनला जाणाऱ्या वाचकांसाठी एवढेच: उन्हाळ्यात काही रविवारी ते पाहायला खुले असते, तेव्हा दिवस आधी विचारून घ्यावा.

– एक वाचक, ठाणे