भाकरी मागावी का लागते, हे आधी तपासू या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारी-बाजरीचे गुण सांगणाऱ्या व्याख्यानांना तेव्हा तोटा नव्हता. तरी सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये आजही ताटात पोळी आपोआप येते आणि भाकरी मागावी लागते. कुठे कुठे तर सकाळीच सांगून ठेवावी लागते.

ज्वारी चांगली हे पोरांना ठाऊक आहे. पण भुकेला माणूस विचार करून कमी आणि समोर येईल ते जास्त खातो. केंब्रिज विद्यापीठाच्या उपाहारगृहांत शाकाहारी पदार्थ चारांत एकाऐवजी दोन ठेवले, तेव्हा शाकाहारी जेवणाची विक्री ४० ते ८० टक्क्यांनी वाढल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. नॉर्वेतल्या हॉटेलांनी ताटल्या लहान केल्या आणि वाया जाणारं अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटलं. कुणाला उपदेश करावा लागला नाही.

म्हणून हेच उपाय उचलून इथे लावावेत, असं मी म्हणणार नाही. पोळ्या करून डब्यात रचल्या की तासन्‌तास मऊ राहतात. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते, नाहीतर वातड होते. शिवाय ती थापणारा सराईत हात रोजंदारीवर सहज मिळत नाही. मेस चालवणाऱ्या बाईंची अडचण इथे आहे, आणि ती केंब्रिजच्या अभ्यासात सापडणार नाही. रात्री साडेनऊला मेसच्या मोरीशेजारची खरकट्याची बादली बघावी. वर भात, त्याखाली आमटीत भिजलेले पोळीचे तुकडे, मग दोडक्याची भाजी. भात शेवटी येतो, तोही वाढप्याच्या हातानं, पोट भरल्यावर. इथे ताटाचा आकार बदलून काय होईल? की भात आधी विचारून वाढला तर फरक पडेल? हे करून पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

हे तपासायला लागणारी माणसं पुण्यात आहेत. १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था, शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय, आघारकर संशोधन संस्था, विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग: सगळं रिक्षाच्या अंतरावर. पण कृषी महाविद्यालय कृषी खात्याकडे, विद्यापीठ आपल्याकडे, रेशन अन्न व नागरी पुरवठ्याकडे. एकत्र प्रकल्प करायचा म्हटलं की फाईल तीन दारं हिंडते आणि उत्साह आटतो. निती आयोगानं २०१९ मध्ये वर्तनविज्ञानासाठी, म्हणजे माणसं प्रत्यक्षात कशी वागतात या अभ्यासासाठी, वेगळा कक्ष काढला. राज्यालाही अशी एक खिडकी हवी, जिथे अनेक खात्यांचा संयुक्त प्रकल्प एकाच अर्जावर मंजूर होईल.

परदेशी विद्यापीठांशी करार जरूर करावेत. मात्र प्रश्न आपण ठरवावा आणि माहिती इथे राहावी. आमच्या विद्यार्थ्यांनी नुसते फॉर्म भरून घ्यायचे आणि निबंध दुसऱ्यांनी लिहायचे, ही पद्धत फार झाली. आणखी एक अट कृपया घालाच: काय तपासणार ते आधी नोंदवायचं आणि प्रयोग फसला तरी निकाल जाहीर करायचा. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका नामवंत आहार-संशोधकाचे अनेक निबंध २०१८ मध्ये मागे घ्यावे लागले. तशा कच्च्या पायावर शासन निर्णय उभा राहू नये.

विषय किरकोळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांमधून. आणि सोलापूरकडची मालदांडी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर येते, जनावरांना कडबाही देते. तिला पुण्याच्या ताटात गिऱ्हाईक मिळालं तर कोरडवाहू शेतकरी ती पेरत राहील.

सुरुवात आपल्याच अखत्यारीतल्या शासकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांपासून करता येईल. निम्म्या वसतिगृहांत आठवड्यातून दोन दिवस न मागता भाकरी यावी, पोळी मागितली तर मिळावी. दोन्हीकडचं खरकटं रोज वजन करून नोंदवावं. वजनकाटा आणि वही याखेरीज फार काही लागणार नाही. भाकरी थापणाऱ्या बायांचा मेहनताना मात्र आधी मंजूर करावा. आपण होकार दिलात, तर जूनच्या प्रवेशांपूर्वी आराखडा घेऊन आम्ही काही प्राध्यापक भेटीस येऊ.

आपली,
आहारशास्त्राची एक प्राध्यापिका, पुणे