पाच आठवडे आणि नऊ महिने

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "सोमवारी ऑपरेशन करून मोकळा होतो" म्हणालास आणि मी गप्प बसले. त्याला होकार समजू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझा एमआरआयचा रिपोर्ट दोनदा वाचला. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबतेय. माझीही हीच जागा होती. पण तुला पाच आठवडे झालेत आणि मी नऊ महिने काढले होते.

तेव्हा तू बारावीत होतास, तुला कळू दिलं नाही. कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट लागल्यासारखी चमक जायची. एक पाय पाटावर ठेवल्याशिवाय गॅसपाशी पोळ्या लाटता येत नव्हत्या. गोळ्या झाल्या, फिजिओ झाला, पाठीत इंजेक्शनही घेतलं. त्याने तीन आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली मी, पण "मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो" हे शेजारच्या काकूंचं वाक्य माझ्याही डोक्यात बसलं होतं. शेवटी ऑपरेशन केलं, त्याच संध्याकाळी पायातली कळ गेली. अंगठा मात्र आजही थोडा बधिर आहे. आधी केलं असतं तर तोही सुटला असता का, कोण जाणे.

२०२० मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास वाचला, तो जणू माझ्यावरच होता. पायातली कळ चार ते बारा महिने न हटलेले १२८ लोक. अर्ध्यांना ऑपरेशन, अर्ध्यांना फिजिओ, गोळ्या, लागलं तर इंजेक्शन. दोन्हीकडे दुखणं सुरुवातीला दहापैकी आठच्या आसपास. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं २.८ वर आलं, बाकीच्यांचं ५.२ वरच राहिलं. म्हणजे माझं वाट पाहणं वायाच गेलं.

पण तुझं तसं नाही. २००७ मध्ये नेदरलँडमध्ये २८३ जणांवर हेच पाहिलं होतं, पण त्यांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांचं होतं. ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, हे खरं. पण वर्षाने पाहिलं तर दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं, बाकीच्यांचं त्याशिवाय निभावलं. सरकलेला तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच जिरवतं. तू तर अजून सहा आठवडेही पुरे केले नाहीस! रजा शिल्लक आहे आणि इन्शुरन्स आहे म्हणून कोणी पाठ उघडतं का?

शिवाय ऑपरेशनने जाते ती पायातली कळ. कंबर दुखायची थांबेलच याची खात्री कोणी देत नाही, आणि गादी पुन्हा सरकूही शकते. हे तुझ्या डॉक्टरांनी सांगितलंय का? नसेल तर विचार. रागावले तर दुसरे डॉक्टर गाठ.

एका बाबतीत मात्र माझंही ऐकू नकोस. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, किंवा चालताना पाऊल लटकायला लागलं, तर आईचं पत्र बाजूला ठेवायचं आणि त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. तिथे थांबणं नाही.

तोवर झोपून राहू नकोस, सोसेल तेवढं चाल. स्कूटर बंद. त्या "गादी बसवून देणाऱ्या" माणसाकडे तर पाऊलही टाकायचं नाही. तीन-चार महिने झाले आणि कळ तशीच राहिली, तर मी स्वतः पुण्याला येऊन तुला ऑपरेशनला घेऊन जाईन.

रविवारी बाबा येतायत. त्यांच्याबरोबर डिंकाचे लाडू आणि माझा तो जुना पाट पाठवतेय. भांडी घासताना एक पाय त्यावर ठेव.

तुझी,
आई