हन्नाच्या तीन वचनांसाठी आभार

आदरणीय सिस्टर,

2 फेब्रुवारी, प्रभूच्या समर्पणाचा सण, माझ्या लेखी मेणबत्त्यांचाच होता. आशीर्वादित मेणबत्ती घरी आणायची की झालं. शुभवर्तमान बहुतेक वेळा छोटंच ऐकलेलं. वाचनपुस्तकात तशी सोय आहे, लूक 2:22 ते 32. मंदिरात आणलेल्या बाळ येशूला शिमोन नावाचा भक्त हातांवर घेतो, आता मला शांतीने जाऊ दे म्हणतो, आणि वाचन संपतं.

तुम्ही सणाच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला चाळिसाव्या वचनापर्यंत वाचायला लावलंत आणि 36 ते 38 वर थांबवलंत. मंदिरातली संदेष्टी हन्ना. सात वर्षांचा संसार, मग वैधव्य, आता 84. लूक तिच्या वडिलांचं नाव देतो, वंश देतो. नवऱ्याचं नाव नाही. मला ते खटकलं, तसं मी बोललेही. "खटकू दे," एवढंच म्हणालात. आधी त्याचेच आभार मानते. आमचे हे गेल्यापासून समजूत घालणारेच फार भेटले होते.

मग तुम्ही विचारलंत, बाळ दोघांनी पाहिलं, पुढे कोणी काय केलं? शिमोन निरोप मागतो. हन्ना देवाची स्तुती करते आणि यरुशलेमेच्या सुटकेची वाट पाहणाऱ्यांना त्या बाळाविषयी सांगत सुटते. या वयात! शिमोनाचं गीत चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत रोज म्हटलं जातं; हन्नाचा एक शब्दही लूकने लिहून ठेवलेला नाही. मीही तोवर शिमोनासारखीच सुटका मागत होते, फक्त त्याची शांती माझ्याकडे नव्हती.

अर्पणातल्या पक्ष्यांचंही तुम्हीच दाखवलंत. बाळंतपणानंतरच्या अर्पणाला कोकरू परवडत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील, ही जुन्या करारातल्या लेवीय 12 मधली सवलत. मरिया-योसेफ गरिबांचंच अर्पण घेऊन आले होते. अशा जोडप्याकडे मंदिराच्या वर्दळीत कोणाचं लक्ष जाणार? रात्रंदिवस तिथेच असणारीचं गेलं.

हल्ली मी नुकताच नवरा गेलेल्या बायकांकडे जाऊन बसते. समजूत घालत नाही.

1997 पासून हा दिवस तुम्हा व्रतस्थांचाही आहे, त्याच्या शुभेच्छा. यंदा पहिलं वाचन माझ्याकडे आलंय, मलाखी 3. चांदी शुद्ध करणाऱ्याच्या त्या अग्नीविषयी बरंच विचारायचंय. आदल्या संध्याकाळी थोडा वेळ द्याल?

तुमच्या बायबल वर्गातली एक