तक्रार: ब्युनॉस आयर्समधला आमचा गुरुवार आणि बाकीचे दिवस

नमस्कार,

मी आणि माझी आई (वय ७२), आम्ही दोघी एप्रिलमध्ये तुमच्या साउथ अमेरिका ग्रुप टूरला होतो. परत आल्यावर तुमच्या ऑफिसमधून फीडबॅकसाठी फोन आला तेव्हा मी म्हटलं होतं की फोनवर मला नाही सांगता येणार, लिहून पाठवते. रिओ आणि इग्वासूबद्दल काही म्हणणं नाही, तिथे सगळं छान झालं. तक्रार ब्युनॉस आयर्सची आहे.

आधी गुरुवारचं सांगते, कारण बाकीचं एकवेळ मी सोडून दिलं असतं.

आईने ३१ वर्षं हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला. तिथल्या प्लाझा दे मायो चौकात आपल्या हरवलेल्या मुलांसाठी जमणाऱ्या आयांबद्दल ती मला मी शाळेत असल्यापासून सांगत आलीय. अर्जेंटिनात १९७६ ला लष्कराने सत्ता घेतली आणि मग घरातून, रस्त्यावरून तरुण मुलं उचलून नेली ती परत आलीच नाहीत, तिथल्या मानवी हक्क संघटना ३०,००० आकडा सांगतात. ३० एप्रिल १९७७ ला चौदा जणी सरकारी वाड्यासमोरच्या त्या चौकात आमची मुलं कुठायत विचारायला जमल्या, पोलीस म्हणाले घोळका करून उभं राहायचं नाही, चालत राहा, तर त्या दोघीदोघी मिळून चालायला लागल्या, आणि ते चालणं आजही दर गुरुवारी दुपारी साडेतीनला असतं. डोक्याला पांढरा रुमाल, तोही सुरुवातीला बाळाच्या लंगोटाच्या कापडाचा. आता त्यातल्या फार थोड्या उरल्यात, म्हणून आईला हे याच वर्षी बघायचं होतं. बुकिंग करतानाच मी तुमच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, गुरुवारी साडेतीनला ग्रुप तिथे असेल ना, नसेल तर आम्ही दुसरी तारीख घेतो. उत्तर आलं, "नक्की मॅडम, सिटी टूर गुरुवारीच आहे." स्क्रीनशॉट सोबत जोडलाय.

त्या दिवशी जेवण झाल्यावर तीन वाजता आम्हाला फ्लोरिडा स्ट्रीटवर लेदरच्या दुकानात नेलं. अर्धा तास म्हणाले आणि एक तास चाळीस मिनिटं थांबवलं. हे दुकान आयटिनेररीत कुठेही लिहिलेलं नाही. तिथून तो चौक चालत दहा मिनिटांवर, मी मॅप दाखवून टूर मॅनेजरना म्हटलं आम्ही दोघी जातो आणि तुम्हाला तिथेच भेटतो, तर म्हणाले ग्रुप सोडायचा नाही, पाकीटमार असतात, जबाबदारी माझी आहे. लोकल गाइड बाई, ज्या मनापासून काम करत होत्या, त्यांनीपण दोनदा सांगितलं की उशीर होतोय. त्यांचंही ऐकलं नाही. सव्वापाचला बस चौकात पोचली तेव्हा तिथे कबुतरं होती आणि ऑफिस सुटून घरी जाणारी माणसं. जमिनीवर ते पांढरे रुमाल रंगवलेत, आई त्यातल्या एकाच्या बाजूला उभी राहिली, बराच वेळ काही बोललीच नाही, आणि मग मलाच म्हणाली की जाऊ दे, तू वाईट वाटून घेऊ नको. मला वाईट वाटलं आणि अजून वाटतंय.

आता बाकीचं. सान तेल्मोचा बाजार. तुमच्या ब्रोशरमध्ये डिफेन्सा रस्ता भरून मांडलेल्या जुन्या वस्तूंच्या स्टॉल्सचा मोठा फोटो आहे. तो बाजार फक्त रविवारी भरतो. आम्हाला नेलं शनिवारी, कारण तुम्ही इग्वासूची फ्लाइट सोमवारऐवजी रविवारी सकाळची केलीत. १८९७ सालचं आतलं मार्केट उघडं होतं, तेही सुंदर आहे, पण फोटोतला बाजार तो नाही, आणि टूर मॅनेजर सगळ्यांना हाच तो बाजार म्हणून सांगत होते. हे खोटं आहे. तेआत्रो कोलोनपुढे "व्हिजिट" लिहिलंय, १९०८ चं एवढं मोठं ऑपेरा थिएटर, आत तासाभराची गाइडेड टूर असते, आम्हाला बाहेरून फोटो स्टॉप मिळाला. रेकोलेताच्या कबरस्तानात वीस मिनिटं दिली, तिथल्या राष्ट्राध्यक्षांची लोकप्रिय पत्नी एवा पेरोन, तिची कबर शोधण्यातच ती गेली.

जेवणाचं थोडं नीट लिहिते. "लोकल फूड एक्सपिरियन्स, व्हेज ऑप्शनसह" असं तुम्ही छापलंय आणि आम्ही दोघी शाकाहारी असूनही त्यासाठीच हुरळलो होतो. प्रत्यक्षात रोज संध्याकाळी पावणेसातला त्याच इंडियन रेस्टॉरंटमध्ये वरणभात, पनीर. चांगलं होतं, गरम होतं, पण ते आम्ही घरी खातो हो! त्या शहरात लोक रात्री नऊ-दहाला जेवायला बाहेर पडतात, तेव्हा आम्हाला हॉटेलवर आणून सोडलेलं असायचं. एकदाच पारिश्यात म्हणजे तिथल्या मांस भाजणाऱ्या हॉटेलात नेलं, तिथे व्हेजवाल्यांसमोर सॅलड आणि उकडलेला बटाटा ठेवला, आणि त्याच मेनूत प्रोवोलेता होतं, निखाऱ्यावर भाजलेलं जाड चीज, वर ओरेगानो. कुणी आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

शेवटच्या रात्री आम्ही दोघी आमच्या आमच्या कोरिएन्तेस रस्त्यावर गेलो, एका पिझ्झाच्या दुकानात लोक उभ्यानेच खात होते. फुगासेता घेतला, भरपूर चीज आणि वर कांद्याचा थर, आणि त्याच्यासोबत फायना, जो चक्क हरभऱ्याच्या पिठाचा असतो, पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून खायचा. आई म्हणाली हे तर आपलं जाड धिरडं! चार दिवसांत पहिल्यांदा मी तिला पोटभर हसताना बघितलं, आणि हे जेवण तुमच्या पॅकेजमधलं नव्हतं.

माझं मागणं असं आहे की लोकल फूड, कोलोन आणि सान तेल्मो यांचे दोघींचे पैसे परत करा, लेदरच्या दुकानात का नेलं आणि त्यातून कुणाला काय मिळतं हे लेखी कळवा, आणि पुढच्या ग्रुपच्या आयटिनेररीत गुरुवार साडेतीन आणि रविवारचा बाजार वारासकट, वेळेसकट छापा, जमणार नसेल तर तो फोटो काढून टाका. पंधरा दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे, कागद सगळे तयार आहेत.

गुरुवारचे पैसे मी मागत नाहीये. त्यासाठी तुमच्या टूर मॅनेजरनी आईला स्वतः फोन करावा. नंबर बुकिंग फॉर्मवर आहे, दुसरा, माझा नाही.

कळावे.