पांडवकडा लांबूनच पाहावा

महोदय,

पाऊस लागला की खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे गर्दी लोटते. कडा सुमारे १०७ मीटर उंच. पावसाळ्यात तिथे वनखात्याची बंदी असते आणि ती रास्तच आहे. डोंगरमाथ्यावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहत आल्या, की लोंढा मागोमाग येतोय असं समजावं. पलीकडच्या काठावर गेलेले तिथेच अडकतात. शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरत नाही, मग गुडघाभर पाणीही माणसाला ओढून नेतं.

त्यापेक्षा बेलापूरहून मेट्रोने सेंट्रल पार्क स्थानकावर उतरावं. ढग वर सरकले की उद्यानातून डोंगरावरच्या पांढऱ्या धारा दिसतात. हाताशी वेळ असेल तर पनवेलपुढे मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे; दुर्बीण न्यावी, आवाज टाळावा.

बंदीचे फलक केवळ कड्याच्या वाटेवर लावून भागत नाही. ते खारघर रेल्वे स्थानकातच, या पर्यायांच्या नकाशासह लावावेत. कड्यापर्यंत पोहोचलेली मंडळी सहसा मागे फिरत नाहीत.

– एक वाचक, खारघर, नवी मुंबई