लेहहून पत्र : थंडी, डिझेल आणि आपली पिकअप

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आईने परवा फोनवर सांगितले की आपली पिकअप अलीकडे पहाटे लवकर चालू होत नाही आणि बाबा ती घरासमोरच्या उतारावर ढकलून चालू करतात. त्याच बोलण्यात बाबांनी विचारले की खानापूरच्या दहा-बारा अंशांत आपली गाडी कुरकुरते, तर लडाखच्या थंडीत तुझी चालू होते तरी कशी. इथे फोनवर दोन वाक्येही धड पोहोचत नाहीत, आणि हा विषय दोन वाक्यांत संपणाराही नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, हे बाबांना मी सांगायला नको. सिलिंडरमधली हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळा-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. अडचण अशी की गार पडलेले लोखंड ही उष्णता लगेच ओढून घेते, आणि स्टार्टरने इंजिन सावकाश फिरत असेल तर दाबलेली हवा तापायच्या आधीच पिस्टनच्या रिंगांच्या कडेने निसटते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, त्यामुळे दाबायला मुळात हवाच कमी मिळते. अशा वेळी हीटर प्लग, म्हणजे चालू करण्याआधी सिलिंडरमध्ये विजेने तापणाऱ्या कांड्या, पूर्ण लाल व्हायला हव्यात आणि बॅटरीने इंजिन जोरात फिरवायला हवे. या दोहोंपैकी एकही गोष्ट लंगडी असेल तर बाकीचे सगळे ठीक असूनही गाडी चालू होत नाही.

त्यातली बॅटरी मला जास्त महत्त्वाची वाटते. उणे अठरा अंशांवर बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि नेमके त्याच वेळी इंजिनातले तेल दाट झाल्यामुळे फिरवायला ताकद जास्त लागते. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतले आम्ल उणे पन्नासपर्यंतही गोठत नाही, पण बॅटरी उतरलेली असेल तर आम्ल पातळ होऊन पाण्यासारखे होते आणि उणे दहाच्या आसपासच बर्फ धरू लागते. गोठलेल्या बॅटरीला केबल लावून दुसऱ्या गाडीवरून चालू करायला गेले तर ती फुटू शकते. म्हणून इथे रात्रीचा पारा उणे पंधरा-वीसवर उतरू लागला की मी संध्याकाळी बॅटरी काढून खोलीत आणून ठेवतो. आई, त्या खोलीत मी झोपत नाही. सामानाची खोली वेगळी आहे.

इंजिन ऑइलचेही तसेच. आपल्याकडे सगळे १५डब्ल्यू-४० घालतात आणि बेळगावच्या हवेला ते उत्तमच आहे. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळ्याची प्रत. १५डब्ल्यू तेलाची गार इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांवर घेतात आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर. मी इथे ५डब्ल्यू घालतो, आणि पहाटेच्या पहिल्या सेल्फलाच फरक कानाला कळतो.

आता डिझेल. बाबांचा खरा प्रश्न त्याबद्दलच होता. डिझेलमध्ये मुळातच मेण असते. उन्हाळ्यात ते विरघळलेले राहते. थंडी वाढली की आपल्याकडचे खोबरेल तेल पौषात बाटलीत थिजते तसे आधी डिझेल गढूळ होते आणि मग मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर बसून वाट बंद करतात. यातली फसवी गोष्ट अशी की गाडी चालू होते. फिल्टरच्या पुढच्या नळीत राहिलेल्या डिझेलवर ती काही मिनिटे छान चालते, माणूस निश्चिंत होऊन निघतो आणि वस्तीपासून दूर, चढावर, ओढ जाऊन बंद पडते. म्हणून खालच्या मैदानी भागात टाकी भरून वर आलेल्या गाडीवर मी पहिले काही दिवस विश्वास ठेवत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून इंडियन ऑइलचे खास हिवाळी डिझेल लडाखसाठी पानिपतच्या रिफायनरीतून येऊ लागले. त्याचा प्रवाह उणे ३३ अंशांपर्यंत थांबत नाही असे कंपनी सांगते. तरी मी त्या आकड्याच्या काठापर्यंत जात नाही, कारण डिझेल पूर्ण थिजण्याच्या बऱ्याच आधी फिल्टर तुंबू लागतो, आणि टाकीत जुने साधे डिझेल अर्धे उरले असेल तर वरून चांगले ओतून काम अर्धेच होते.

बाबा, तुम्ही म्हणालात की पूर्वी ट्रकवाले थंडीत डिझेलमध्ये रॉकेल घालत. जुन्या पंपाच्या गाड्या ते सोसत असतील, पण आताच्या गाड्यांत कृपा करून कोणालाही घालू देऊ नका. या इंजिनांत डिझेल हजार बारहून अधिक (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे हजारपटीहून जास्त) दाबाने फवारले जाते आणि पंपाला व इंजेक्टरला वंगण म्हणून दुसरे काही नसते, डिझेलच असते. रॉकेल त्या कामाला फार पातळ पडते. एका थंड सकाळची सोय म्हणून घातलेल्या लिटरभर रॉकेलापायी पंप बदलावा लागणे मला मुळीच परवडणारे वाटत नाही. टाकीखाली किंवा चेंबरखाली (इंजिनाच्या तेलाच्या भांड्याखाली) चिंधी पेटवून धरणारे ड्रायव्हरही इथे पाहिले आहेत. तसे मी करत नाही आणि माझ्यासोबतच्यांनाही करू देत नाही. फिल्टर तुंबलाच तर तो खोलून उबेत नेतो, नाहीतर गरम पाण्यात पिळलेले फडके त्याच्याभोवती गुंडाळतो आणि नंतर कोरडे पुसतो.

खरे सांगायचे तर इथे सकाळची गाडी आदल्या संध्याकाळीच चालू करावी लागते. परतताना टाकी भरून घेतो, कारण अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या हवेची वाफ रात्री पत्र्यावर पाणी होऊन डिझेलखाली साचते. फिल्टरच्या तळाची चकती सैल करून ते पाणी काढून टाकतो, नाहीतर रात्रीत त्याचा बर्फ होतो. गाडी उगवतीकडे तोंड करून लावतो, म्हणजे पहिले ऊन बॉनेटवर पडते. ओली केबल गोठून ब्रेक अडकू नये म्हणून हँडब्रेक ओढत नाही. गिअरात ठेवून चाकांना दगड लावतो. सकाळी चावी फिरवून हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबतो, पुन्हा बंद करून पुन्हा एकदा तसेच करतो, मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारतो, म्हणजे गिअरबॉक्समधले दाट तेल फिरवण्याचा भार बॅटरीवर येत नाही. दहा सेकंदांत धरली नाही तर सोडून मिनिटभर बॅटरीला दम घेऊ देतो. चालू झाल्यावर तेल टर्बोपर्यंत पोहोचेस्तोवर एक्सलेटरला पाय लावत नाही. पण अर्धा तास जागेवर घुमवतही नाही, कारण डिझेल इंजिन नुसते घुमवून तापत नाही, सावकाश चालवल्यावरच तापते.

रेडिएटरविषयी एकच सांगतो. आपल्याकडे विहिरीचे पाणी घालून भागते. इथे नुसते पाणी राहिले तर गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवते. कूलंट, म्हणजे पाणी गोठू न देणारे द्रव, आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असले तर उणे ३५ च्याही खाली टिकते. निव्वळ कूलंट मात्र उणे तेराच्या आसपासच गोठू लागते, त्यामुळे जास्त घातले म्हणजे जास्त सुरक्षित, असे नाही.

आता आपल्या गाडीकडे येतो, कारण हे पत्र लिहायला घेतले ते तिच्यासाठी. बाबा, माझे स्पष्ट मत आहे की दोष थंडीचा नाही. हिवाळ्यात पंपावर येणाऱ्या डिझेलसाठी फिल्टर तुंबण्याची मर्यादा भारतीय मानकात ६ अंश ठरवलेली आहे. खानापूरची पहाट तेवढी खाली जात नाही. थंडीने फक्त आधीचा दोष उघडा पाडला आहे. चालू होताना पांढरा धूर येऊन गाडी थरथरत असेल आणि पाच मिनिटांनी सुरळीत होत असेल, तर चारपैकी एक-दोन हीटर प्लग गेलेले असणार. खानापुरातला कोणताही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते एकेक करून तपासून देईल. सेल्फ मारताना इंजिन जड फिरत असेल तर बॅटरी, तिची टोके आणि इंजिनाला जाणारी अर्थिंगची वायर पाहा. आणि इंजिन जोरात फिरूनही धरत नसेल, पण फिल्टरवरचा हातपंप चार-सहा वेळा दाबल्यावर लगेच धरत असेल, तर नळीत कुठेतरी हवा शिरते आहे आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे मागे जाते आहे. हे शेवटचे तुम्ही स्वतः उद्या पहाटेच करून पाहू शकता.

तोपर्यंत गाडी उतारावरून सोडणे बंद करावे, ही माझी हात जोडून विनंती आहे. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा पाय दाबल्यावर संपते आणि स्टेअरिंगही दगडासारखे जड होते. अंधारात, धुक्यात, भरल्या गाडीनिशी हा प्रयोग करण्यासारखा नाही. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी पोहोचायला अर्धा तास उशीर झाला तर व्यापारी बोलेल, त्याला बोलू द्या.

आणि आई, हे तुझ्यासाठी. गाडी गोठ्यालगतच्या पडवीत असताना बाबा ती चालू करून आत चहाला येतात, ते थांबव. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, थंडीत दारे-खिडक्या बंद असतात, आणि पडवीला लागून तुझी चूल आहे, पलीकडे जनावरे आहेत. चालू झाली की आधी अंगणात घ्यायची आणि तिथे तापू द्यायची, एवढाच नियम घाल.

हातपंप दाबून काय झाले आणि धुराचा रंग कोणता होता, हे दोन्ही मला फोन लागेल तेव्हा सांगा. हीटर प्लग बदलायचे ठरले तर चारही एकदमच बदलून घ्या आणि जुने टाकून न देता ठेवा. मी आल्यावर पाहीन. पैसे मी या महिन्याच्या रकमेत वाढवून पाठवत आहे.

तुमचा,
थोरला